हात न जोडणाऱ्या मुलीला

प्रिय ताई,

मी वीस वर्षांची आहे, पुण्यात बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. आमचं घर माळकरी. अण्णा गावच्या सप्ताहात वीणा धरतात, आईने एकादशी कधी मोडलेली नाही. माझ्याही गळ्यात लहानपणापासून माळ होती. गेल्या वर्षी ती काढून ठेवली. देवावरचा विश्वास उरला नव्हता आणि माळ घालून वावरणं खोटं वाटायला लागलं होतं. कुणाला सांगायला गेले नव्हते. पण मी राहते ते वसतिगृह आमच्या समाजाच्या ट्रस्टचं आहे. तिथे संध्याकाळी आरती असते. मी मागे उभी राहते, हात जोडत नाही. रेक्टर बाईंनी सगळ्यांसमोर खोदून विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं.

त्या दिवसापासून मेसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. खोलीतल्या मुलीने खोली बदलून घेतली. उशीखाली अंगाऱ्याची पुडी सापडली. मुलींच्या ग्रुपवर ‘देव न मानणाऱ्या मुली कशा असतात माहीत आहे’ असले मेसेज फिरतात. बाईंनी घरी फोन केला. चुलतभावाने माझा फोटो गावच्या ग्रुपवर टाकून ‘धर्म बुडवायला निघालेली’ असं लिहिलं. थोरले चुलते, नाना, म्हणतात हे मोबाईलमधलं खूळ आहे, शिक्षण बंद करा आणि स्थळ बघा. भावकीची बैठक झाली, त्यात ‘आधी मुलीला सरळ करा, मग सप्ताहाची वर्गणी घेऊ’ असं अण्णांना सुनावलं. अण्णा गप्प आहेत. आई म्हणते मला बाहेरचं काहीतरी लागलंय. येत्या अमावास्येला देवरुषाकडे न्यायचं ठरलं आहे. माझ्या बँकखात्याचा ओटीपी नानांच्या मोबाईलवर जातो, म्हणजे पैसेही त्यांच्याच हातात. दादा चाकणला कंपनीत आहे. तो फोनवर एवढंच म्हणाला, ‘मला आधी सांगायचंस ना.’

मी सगळ्यांसमोर माफी मागून पुन्हा माळ घालू, की घर सोडून देऊ?

— तुमची एक वाचक

*

मुली,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी अमावास्येचं बोलू, कारण ती तोंडावर आली आहे आणि तू मात्र ते एका ओळीत उरकलं आहेस.

देवरुषाकडे जायचं नाही. आईच्या समाधानासाठीही नाही. ‘एकदाच जाऊन ये, मग कुणी काही बोलणार नाही’ असं कुणी प्रेमाने सांगितलं तरी नाही. तुला बाधा झाली आहे हे तिथे आधीच ठरलेलं असतं. मग तू नाही म्हणालीस तरी ते ‘तिच्यातलं बोलतंय’, रडलीस तरी तेच, गप्प बसलीस तरी तेच. स्वतःच्या बाजूने बोलायचा तुझा हक्कच तिथे काढून घेतला जातो, आणि एकदा तो काढून घेतला की पुढे काय करतील याला धरबंध राहत नाही.

महाराष्ट्राने हे ओळखून कायदा केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाची आहे: दोराने किंवा साखळीने बांधणं, काठी-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही. पण नीट समजून घे, नुसता अंगारा लावला किंवा लिंबू उतरवलं एवढ्यावर हा कायदा लागत नाही. अंगाला हात लागला, बांधलं, काही बळजबरीने पाजलं की लागतो. म्हणून तिथवर वेळच येऊ द्यायची नाही.

अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात गावी जाऊ नकोस. तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल आणि सबमिशन असतातच, खोटं कारण शोधायची गरज नाही. आईला फोनवर स्वच्छ सांग, ‘आई, मी घरी येईन, तुझ्या हातचं जेवेन, तू म्हणशील त्या डॉक्टरांकडे येईन, पण देवरुषाकडे येणार नाही.’ याच्या पुढे वाद नको, हेच वाक्य पुन्हा म्हण. कुणी न्यायला पुण्यात आलं तर एकटीने गाडीत बसू नकोस. तू सज्ञान आहेस, मनाविरुद्ध नेणं आणि कोंडून ठेवणं दोन्ही गुन्हे आहेत. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक लक्षात ठेव. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या तुमच्या तालुक्यातल्या किंवा पुण्यातल्या कार्यकर्त्याशी आत्ताच, काही घडायच्या आधी, बोलून ठेव. समितीचं काम देवाविरुद्ध नाही, तिथले कितीतरी कार्यकर्ते श्रद्धाळू आहेत. तुझ्या आईशी बोलायला असा एखादा माळकरी कार्यकर्ता मिळाला तर त्याचा शब्द माझ्या दहा पत्रांपेक्षा जास्त चालेल.

आता वसतिगृह. हात न जोडल्याबद्दल शिक्षा होऊ शकते का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेला आहे. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. एवढ्यावरून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला: हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, याच न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेच्या २५व्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, आणि ‘माझा कोणताही धर्म नाही’ असं म्हणण्याचा हक्क त्यातच येतो. सरकारी अर्जावर धर्म लिहायलाही कुणाला भाग पाडता येत नाही. २८व्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही.

तुझं वसतिगृह खासगी ट्रस्टचं आहे, तिथे हे कलम जसंच्या तसं लागेल असं मी छातीठोक सांगणार नाही. प्रवेशाच्या वेळी सही केलेला नियमांचा कागद काढ. आरतीची सक्ती त्यात लिहिलेली आहे का ते बघ. नसेल तर रेक्टर बाईंना साधा अर्ज दे: मी आरतीच्या वेळी शांत उभी राहते, कुणाला अडथळा करत नाही, माझ्या विचारांवरून खोलीत आणि मेसमध्ये त्रास होतो आहे, तो थांबवावा. तारीख घाल, एक प्रत ट्रस्टच्या सचिवांना दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच द्यायला बाई कां कू करतील, तर ईमेल कर. तोंडी तक्रार उद्या ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ म्हणून उडवून लावता येते.

त्रास देणाऱ्या मुली तुझ्याच कॉलेजच्या असतील तर कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडेही जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून धर्मासारख्या कारणांवरून एखाद्याला वाळीत टाकणं, मानसिक छळ करणं हेही रॅगिंगमध्ये धरलं जातं. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-५५२२. ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेव आणि एक प्रत दादाकडे पाठव, कारण मोबाईल काढून घेतला तर सगळंच जाईल.

चारित्र्यावरून बोलतात त्याबद्दल एक सांगते. मुलगा नास्तिक झाला तर त्याला शिष्ट म्हणतात, मुलगी झाली तर थेट तिच्या वागण्यावर जातात. हे काही देवाच्या प्रेमापोटी बोललेलं नसतं. मुलीने स्वतःच्या डोक्याने ठरवलेली गोष्ट लोकांना खुपते, आणि तिला गप्प करायला हाताशी असलेलं सगळ्यात जुनं हत्यार ते उचलतात. त्याला उत्तर द्यायला बसू नकोस. मी किती चांगली आहे हे पटवत बसलीस की त्यांनी मांडलेला खटला तू मान्य केलास असं होतं.

पैशांचं काम मात्र याच आठवड्यात कर. सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी त्या ओटीपीची वाटली. आधार आणि पासबुक घेऊन बँकेच्या शाखेत स्वतः जा, मोबाईल क्रमांक बदलण्याचा फॉर्म भर, आणि आधारला कोणता क्रमांक जोडला आहे तेही तपासून घे. तोही नानांचा असेल तर आधार केंद्रावर तो बदल. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला घरी कपाटात असतील तर दिवाळीत गेल्यावर सोबत आण. ‘कॉलेजात पडताळणी आहे’ हे कारण बहुधा खरंच असतं. फीच्या धमकीलाही फार घाबरू नकोस. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. तू त्यात बसतेस का हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचार. राहण्याचा खर्च वेगळा, त्यासाठी सरकारी वसतिगृह आणि निर्वाह भत्त्याच्या योजना महाडीबीटीवर बघून ठेव. लग्न तुझ्या संमतीशिवाय लावता येत नाही, पण हातात पदवी आणि खात्यात स्वतःचे पैसे असले की ‘नाही’ म्हणायला बळ येतं. दीड-दोन वर्षांचा प्रश्न आहे. काही झालं तरी शिक्षण सोडू नकोस.

अण्णांबद्दल मला तुझ्यापेक्षा थोडं वेगळं वाटतं. ते गप्प आहेत म्हणजे तुझ्या विरोधात आहेत, असं तू धरून चालली आहेस. ज्या माणसाने वर्षानुवर्षं सप्ताहात वीणा धरला, पहाटेच्या काकड्याला उभा राहिला, त्याची वर्गणी भर बैठकीत नाकारली गेली. काल्याच्या कीर्तनाला त्यांना कुठे बसवतील, बसवतील तरी का, या विचाराने त्यांची झोप उडाली असेल. ही धमकी तुझ्याइतकीच त्यांनाही दिलेली आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने किंवा समाजाच्या मंडळींनी बसून एखाद्या माणसाला, कुटुंबाला वाळीत टाकायचं ठरवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे तुझ्या न मानण्याला घटनेचं संरक्षण आहे आणि त्यांच्या देवदर्शनाच्या, पंगतीच्या हक्कालाही कायद्याचं. हे त्यांना कळलं पाहिजे. भावकीशी केस लढायची नसली तरी ‘असं करणं गुन्हा आहे’ हे बैठकीत कुणीतरी शांतपणे म्हटलं तर पुष्कळांची जीभ जागेवर येते.

आता तुझा प्रश्न. माफी मागू की घर सोडू? दोन्ही नको.

माफी चुकीची मागतात. तुझ्या हातून कुणाचं काही वाईट झालेलं नाही. माळ पुन्हा घालायचीच असेल तर तुझ्या मनाने घाल, दुसऱ्याच्या धाकाने घातलेली माळ अण्णांनाही नको असेल. खऱ्या माळकऱ्याला माळेचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. पण गप्प राहणं म्हणजे खोटं वागणं, हा जो तुझा समज झाला आहे तो तुला फार दमवतो आहे. देवाबद्दल तुला काय वाटतं हे विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं तुझ्यावर बंधन नाही. रेक्टर बाईंना, आत्याबाईंना, बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ‘ते माझं खासगी आहे’ एवढं पुरे. खरं बोलायचं ते ज्यांच्याशी जन्माचं नातं आहे त्यांच्याशी, आणि तेही त्यांना झेपेल तेव्हा.

सप्ताहाला घरी गेलीस तर पंगतीत वाढायला उभी राहा. पहाटेपासून चुलीवर असलेल्या बायकांच्या हातातली भाजीची बादली घेणं ही पूजा नव्हे. तू लहानपणी ज्या पंगतीत जेवलीस त्यात वाढताना तुझ्या विचारांना कुठेही बाध येत नाही, आणि आईला तिची मुलगी तीच आहे हे डोळ्यांनी दिसतं. आरतीला आईशेजारी उभी राहा, हात जोडायचे नसतील तर ताट धर. इथे काही वाचक माझ्याशी भांडतील, ही तडजोड आहे म्हणतील. माझ्या मते मायेने केलेली गोष्ट आणि सक्तीला मान तुकवून केलेली गोष्ट यांत फरक आहे, आणि तो तुला आतून लगेच कळतो. वसतिगृहात ‘हात जोड’ असा हुकूम आहे, तिथे जोडू नकोस.

आणि एक विनंती. अण्णांशी बोलताना संतांच्या अभंगातल्या ओळी शोधून त्यांच्यावर फेकू नकोस. संत नास्तिक नव्हते, आणि ते अभंग अण्णांना तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तू फक्त तुझं सांग: केव्हापासून वाटायला लागलं, किती दिवस एकटीने सोसलं, माळ काढताना हात कसे कापले. बापाला वादात हरवण्यापेक्षा त्याला हे सांगणं अवघड आहे, पण तेच त्याच्यापर्यंत पोहोचेल.

नाना याला मोबाईलमधलं खूळ म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण तुझ्या स्वतःच्या मनात तरी हे पक्कं असू दे की हा विचार मोबाईलच्या फार आधीपासून याच मातीत आहे. चार्वाकांची गोष्ट सोडून दे, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी देवाधर्माला बुद्धीचे प्रश्न विचारले, तेव्हा पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, शिव्याशाप आणि धमक्या सोसल्या, आणि १९७७ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही धर्मविधीविना त्यांचं दहन झालं. तुला एकटं वाटतं, पण २०११च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात स्वतःहून नास्तिक असं लिहून देणारे देशभरात सुमारे ३३ हजार होते, आणि जे लिहायला धजावले नाहीत ते किती असतील याचा अंदाज तू तुझ्यावरूनच कर.

तुझं पत्र इतर घरांतली, इतर धर्मांतली मुलंमुलीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. सगळ्यांची जोखीम सारखी नसते. कोइमतूरला मार्च २०१७ मध्ये फारूक नावाच्या ३१ वर्षांच्या तरुणाचा त्याच्या नास्तिक विचारांवरून खून झाला. लहान मुलांचा बाप होता तो. केरळच्या एका स्त्रीने, मी धर्म मानत नाही तर वारसाहक्कात मला शरियत का लावता, असा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आहे. ज्यांच्या घरात किंवा मोहल्ल्यात जिवाची भीती आहे त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत, आणि राहण्याची दुसरी जागा हाताशी येईपर्यंत, कुणालाही काही सांगू नये. यात भ्याडपणा नाही. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ आहे.

चुलतभावाच्या पोस्टला उत्तर म्हणून तू काही स्टेटस ठेवलं असशील तर आजच काढ. त्याची पोस्ट मात्र जपून ठेव. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावल्याच्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. देवतेच्या फोटोवरचा एखादा विनोद तू रागात पुढे पाठवलास तर आजवर तुझा छळ करणारे उद्या फिर्यादी होतील. न मानणं हा गुन्हा नाही, पण तुला गुन्ह्यात अडकवायला काही जण टपलेले असू शकतात. सध्या या विषयावर कुठेच लिहू नकोस.

झोप लागते आहे का, जेवण जातंय का, हे तू लिहिलं नाहीस. एकटं पडल्यावर मनावर काय होतं ते मला पत्राच्या ओळींमधून दिसतं. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुझे विचार हा आजार नाही आणि ते बरे करायला तिथे कुणी बसलेलं नाही. पण रात्र रात्र जाग येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तिथे फोन कर आणि कॉलेजच्या समुपदेशकांनाही भेट.

राहिला दादा. ‘मला आधी सांगायचंस ना’ या वाक्यात मला राग कमी आणि रुसवा जास्त ऐकू आला. चाकणहून पुण्याला यायला त्याला किती वेळ लागतो? अमावास्येच्या आधीच्या रविवारी त्याला बोलावून घे. देव आहे की नाही हा विषय त्या दिवशी काढूच नका. त्याला देवरुषाचं सांग, मेसमधलं सांग, चुलतभावाची पोस्ट दाखव, बँकेचं काम झालं की नाही ते सांग. अण्णांशी आधी कोण बोलणार, नानांना कोण आवरणार आणि अमावास्येच्या दिवशी तू कुणाकडे राहणार, एवढं दोघांनी बसून ठरवा. मग मला कळव.

— ताई